सत्तावनच्या विहिरीचे पाणी

८ जानेवारी १९८४, रविवार. भिसेगाव

निवृत्तीनंतर दैनंदिनी बंद केली होती, कारण नोंदवण्याजोगे काही घडत नव्हते. आज पुन्हा आरंभ करतो. काही घडले आहे असे नव्हे. घडण्याचा संभव निर्माण झाला आहे, इतकेच.

सकाळी कोंडीराम नावाचे गृहस्थ आले. कर्जतला रेल्वेत फिटर होते. आता निवृत्त होऊन चौकच्या आतल्या बाजूस आपल्या गावी, बौद्धवाडीत, राहतात. पिशवीतून त्यांनी तेलाची जुनी बाटली काढली आणि ओटीच्या कठड्यावर ठेवली. आत डाळिंबी रंगाचे पाणी.

“सरबत नाय सर,” ते म्हणाले. “आमच्या इहिरीचं पानी हाय.”

वाडीच्या वरच्या अंगाला ओढ्यावर रंगाचा कारखाना निघाला आणि त्यानंतरच्या पावसाळ्यापासून विहीर रंगली. तक्रार झाली. “साहेब आला, बाटली भरून घेऊन गेला. बाटलीबी परत आली नाय.” बायका टेकडीखालच्या झऱ्यावर जातात, चैत्रात तो आटतो. मी विचारले, गावात पंचायतीची विहीर असेलच. कायद्याने ती सर्वांना खुली आहे. कोंडीराम हसले.

“कायदा हाय की. पन कायदा पोहरा वडत नाय, सर.”

ही विहीर वाडीने सत्तावन साली स्वतः खणली. आदल्या वर्षी धर्म घेतल्यावर त्यांनी गावकीची कामे सोडली आणि गावाने पाणी तोडले. “तवापास्नं गावच्या पान्याला आमच्या बायकांनी हात लावला नाय. आता पुना तिथं जाऊन वाट बघत उभं ऱ्हायाचं?” एवढे बोलून ते बाटलीकडे पाहत बसले. विजेने पाणी शुद्ध होते का, हे विचारण्यासाठी ते आले होते. माझी हयात विद्युत-रसायनात गेली, हे त्यांना लोको शेडमधल्या कोणी सांगितले होते.

माझी पत्नी इंदू हिने चहा दिला. मला कपात, त्यांना काचेच्या पेल्यात. कपबशा कमी पडल्या असाव्यात.

१५ जानेवारी

माझे वडील न्यायशास्त्री होते. कोणतेही विधान हेतूशिवाय, म्हणजे कारण दिल्याशिवाय, करायचे नाही, ही शिस्त त्यांच्याकडून आली. रसायन मी नंतर शिकलो. म्हणून प्रथम प्रश्न नीट मांडतो.

रंगीत पाण्यात दोन पत्रे बुडवून वीज सोडली की धन बाजूच्या पत्र्याच्या पृष्ठभागावर रंगाचे रेणू तुटतात. पत्रा कशाचा आहे याला फारसे महत्त्व नाही. त्यावरचा धातूच्या ऑक्साइडचा पातळ लेप काम करतो. तीन लेपांची तुलना करावयाची आहे. पहिला रुथेनियमचा, माझा जुना विद्यार्थी वाल्मिक मुंबईच्या एका प्रयोगशाळेत आहे, त्याने सोडा कारखान्यातला टाकाऊ तुकडा पाठवण्याचे कबूल केले आहे. दुसरा कथलाचा, तिसरा शिशाचा. हे दोन्ही मी घरी करू शकतो.

कोंडीरामांना तीन अटी सांगितल्या. रंग जाणे ही पहिली. रंगाचे अदृश्य अवशेष जाणे ही दुसरी. ते मी परमँगनेटने मोजेन. लेपाचा धातू पाण्यात न उतरणे ही तिसरी. ते वाल्मिक मोजील. तिन्ही सिद्ध होईपर्यंत हे पाणी पिऊ नये. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, “तुमी प्याल तवा आमी पिऊ.” हा निकष अशास्त्रीय आहे, असे मी सांगितले. तेही त्यांनी मानले.

१२ फेब्रुवारी

विहाराशेजारच्या खोपटात प्रयोग मांडला. चौकच्या गॅरेजमधून बॅटरी भरण्याचे यंत्र कोंडीरामांनी आणले. तारा त्यांनीच जोडल्या. काचेच्या तीन बरण्या, प्रत्येकीत एक लेप. रंगाची तुलना दुपारच्या उजेडात करतो, कारण कंदिलाच्या प्रकाशात तांबूसपणा फसवतो.

मी जाताना फिरकीचा तांब्या नेतो. इंदू रोज घासून, उकळून गार केलेले पाणी भरून देते. पोट जुनेच नाजूक आहे. कोंडीरामांच्या पत्नी भीमाबाई दर खेपेस चहा विचारतात, मी दर खेपेस कारण सांगून नाकारतो. आज त्या इतर बायकांना म्हणाल्या, “सरांचं प्वाट लई शानं हाय गं. भिसेगावचं पानी सोबत घेऊन हिंडतं.” सगळ्या हसल्या. विनोद बरा होता; मीही हसलो.

४ मार्च

पहिला निष्कर्ष. रुथेनियमच्या बरणीत रंग सर्वांत आधी गेला. वाडीत आनंद झाला. म्हाताऱ्या श्रीपत आजोबांना धरून आणून बरणी दाखवण्यात आली. त्यांनी ती उन्हात धरली, मागेपुढे फिरवली आणि विचारले, “रंग गेला कुठं?”

प्रश्न योग्य होता, कारण तो कुठेच गेला नव्हता. परमँगनेटचा खर्च जवळजवळ पूर्वीइतकाच, म्हणजे अवशेष तसेच. पाण्यातल्या मिठाचा क्लोरीन होतो, तो रंग झाकतो, पण अवशेष नष्ट करीत नाही. उलट त्याचे क्लोरीनयुक्त, बहुधा अधिक वाईट, असे काही करतो. मी तसे सांगितले. कोंडीराम म्हणाले, “म्हंजे चोर पकडला नाय, कपडे बदलून सोडला.” यापेक्षा अचूक मला सांगता आले नसते.

कथलाच्या बरणीत रंग सावकाश गेला, पण अवशेषही गेले. शिशाचा लेप कथलाच्या मागोमाग. नव्या शिशाच्या पत्र्याचे पाणी वाल्मिककडे पाठवले होते. शिसे मर्यादेच्या आत आहे.

कथील निवडतो.

१४ एप्रिल

वाडीत जयंतीची मिरवणूक, प्रयोग बंद. ते बरेच झाले, कारण आज चालवण्यासारखे काही उरलेले नाही. कथलाचा तिसरा पत्राही मेला. आधीच्या दोघांप्रमाणेच: काही काळ उत्तम, मग एकाएकी वीज घेईनासा होतो, लेप वरून जसाच्या तसा दिसतो. भट्टीचे तापमान बदलून पाहिले, लेपात मिसळायच्या अँटिमनी धातूचे प्रमाण बदलून पाहिले. फरक नाही.

स्थिती अशी: जो लेप टिकतो तो काम करीत नाही. जो काम करतो तो टिकत नाही. उरला शिशाचा, तो काम करतो, टिकतो, आणि त्याच्याविषयी माझ्याजवळ एकच चाचणी आहे.

झरा आटला आहे. भीमाबाईंची सून ठमी हिला सातवा महिना आहे. ती दोन हंडे घेऊन हमरस्त्यावरच्या ढाब्याच्या नळावर जाते. ढाबेवाला भांडी घासून घेतो आणि मग पाणी देतो.

२२ एप्रिल

खोपटात विहिरीच्या पाण्याचे पिंप मांडून त्यात शिशाचे मोठे पत्रे बसवले. मुळात ते बसवावयाचे नव्हते. कोंडीरामांनी गळ घातली.

कारण असे. विहिरीला सत्तावन साली पाणी लागले ते बुद्धपौर्णिमेच्या सुमारास. त्या दिवशी ते एका घागरीत भरून विहारात ठेवले आणि साऱ्या वाडीने एकाच पेल्याने प्यायले. तेव्हापासून दर पौर्णिमेला तसे करतात. पाहुणा असेल तर पेला प्रथम त्याला. विहीर रंगल्यापासून घागर भरलेली नाही. “दुसऱ्याचं पानी त्या घागरीत घालायचं नाय,” श्रीपत आजोबा म्हणाले. “कोरडी ऱ्हायली तरी चालंल.”

मी बजावले की पौर्णिमा ही रसायनशास्त्राची मुदत नव्हे. कोंडीराम म्हणाले, “नाय प्येत हो. नुस्तं घागरीत भरून ठिऊ. डोळ्यांनी तरी बघू दे लोकास्नी.”

पाहण्यास हरकत घेण्याचा हेतू मला सापडला नाही.

६ मे

पिंपाच्या तळाशी तपकिरी भुकटी. बोटावर घेतली, शिशाच्या लेपाचीच. मोठ्या पत्र्यावर लेप सोलतो आहे.

मार्चच्या माझ्या अनुमानात एक दोष होता आणि तो आज दिसला. ‘जेथे शिशाचा लेप, तेथे शिसे मर्यादेत’ ही व्याप्ती, म्हणजे हा नियम, मी नव्या पत्र्यावरून काढली. नवेपणा ही तिच्यात दडलेली उपाधी होती. ती अट निघून गेली की व्याप्ती कोसळते. वडिलांनी हा दोष पहिल्या वर्षातच शिकवला होता.

नमुना आजच मुंबईस पाठवला. निकाल येईपर्यंत पाणी पिऊ नये, असे कोंडीरामांना पुन्हा सांगितले. ते म्हणाले, “बराय.” आणि पौर्णिमेचे आमंत्रण दिले. पाहुणा म्हणून.

१५ मे, बुद्धपौर्णिमा

जे झाले ते क्रमाने लिहितो.

विहारात सगळी वाडी बसली होती. पंचशील झाले. समोर पाटावर घागर, तिच्यावर पितळी पेला. पाणी स्वच्छ होते. कोंडीरामांनी ते धोतराच्या चार पदरांतून गाळले होते, म्हणजे भुकटीही दिसत नव्हती. श्रीपत आजोबांना दोघांनी उठवून उभे केले. त्यांनी पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळत होते.

माझ्या उजव्या बाजूस माझा तांब्या होता. सर्वांची दृष्टी पेल्यावर नव्हती, तांब्यावर होती. असे का, ते मला त्या क्षणी उमगले नाही. आताही नीटसे उमगलेले नाही. मात्र एवढे कळले की नाकारायचे तर कारण द्यावे लागेल, आणि ते कारण, कितीही बरोबर असले तरी, त्या खोलीत ऐकले जाणार नाही.

मी हिशेब केला. एका पेल्यातले शिसे, ते मर्यादेच्या पुष्कळ पट असले तरी, माझ्या वयाच्या माणसाला अपाय करणार नाही. हे विधान सत्य आहे. मी प्यायलो.

कोंडीराम उभे राहून ओरडले, “सरांनी पानी घेतलं!” टाळ्या झाल्या. बायका डोळे पुसत होत्या. श्रीपत आजोबा माझा हात सोडीनात. “माज्या बापाच्या हातचं कुनी घेतलं नाय, सर. माज्याबी नाय. तुमी घेतलं.” मग पेला पुढे गेला. भीमाबाई प्यायल्या. मुले प्यायली. ठमी प्यायली, तिला दोनदा दिला, पोटातल्यासाठी म्हणून.

थांबवावयास हवे होते. कोंडीरामांना बाजूला घेऊन सांगावे असे ठरवले, पण ढोलकी सुरू झाली होती. एका पेल्याने काही होत नाही, हे पुन्हा मनाशी म्हणून मी शेवटची एस.टी. पकडली. तांब्या तेथेच राहिला.

१९ मे

कोंडीराम बाजाराला आले होते, त्यांनी वाटेत गाठले. इतके आनंदी मी त्यांना पाहिले नव्हते. पिंप दिवसरात्र चालू आहे. सगळी वाडी तेच पाणी भरते. ठमीचे ढाब्यावर जाणे बंद झाले.

मी म्हणालो, निकाल आलेला नाही. ते म्हणाले, “आता कसला निकाल, सर? तुमी प्यालात की.”

मी निकालाची तातडी करणारी तार मुंबईस केली.

२६ मे

निकाल आला. आकडा येथे लिहीत नाही. वाल्मिकने खाली हाताने लिहिले आहे: ‘सर, हे कोणी पीत तर नाही ना?’

२७ मे

सकाळीच वाडीवर गेलो. कोंडीरामांच्या अंगणात पंधरावीस माणसे जमली. मी सरळ सांगितले: पाण्यात शिसे आहे, ते विष आहे, आजपासून थेंबही पिऊ नये, लहान मुलांनी आणि ठमीने तर मुळीच नाही.

मग भीमाबाई म्हणाल्या, “पुनवेला तुमी प्यालात तवा इख न्हवतं?”

“होते. बहुधा होते.”

“आन् तुमास्नी म्हाईत व्हतं?”

“शंका होती. एका पेल्याने माझ्यासारख्याला...”

“तुमास्नी. आमाला किती पेल्यांनी हुतंय ते इचारलं का कुनी?” त्यांचा आवाज चढला नाही. “इख हाय हे ठावं असून आमाला पिऊ दिलंत, का इख नायच आन् आता मागं फिरताय? दोनातलं कंचं, ते सांगा.”

आयुष्यात मी अनेक उभयतःपाश तपासले. बहुतेकांत एखादी तिसरी वाट राहून गेलेली असते. या पाशात मला ती सापडली नाही.

कोंडीराम तेवढ्यात मध्ये पडले. त्यांना पहिले टोक सहन होत नव्हते, म्हणून त्यांनी माझ्या वतीने दुसरे निवडले. अगदी हळू, लोकांना ऐकू जाऊ नये असे, म्हणाले, “घरी कुनी बोललं का, सर? आमच्यात पानी घेतलं म्हनून? तसं आसंल तर सांगा. आमाला सवय हाय. पन पान्याला नावं नका ठिऊ.”

मी म्हणालो, हा तर्क सर्वथा निराधार आहे. वाल्मिकचा कागद पुढे केला. कोणी हातात घेतला नाही. मागून एक जण म्हणाला, “कागद काय, कारखान्याकडंबी हाय. पानी झाक हाय म्हनून.” लोक हसले.

ठमी दारात उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडे वळून पुन्हा सांगितले. ती सासूकडे पाहत राहिली.

३ जून

ऐकत नाहीत. म्हणून आज जाऊन पत्रे काढले. कोंडीराम खोपटाच्या दाराशी उभे होते. अडवले नाही, हातही लावला नाही. तारा त्यांनी स्वतः जोडल्या होत्या. सोडवताना मला जमेना, तरी ते पुढे आले नाहीत.

पत्रे पोत्यात घालून निघालो, तेव्हा म्हणाले, “दिलंत तुमी. नेलंतबी तुमीच.”

परत येताना चौकच्या अलीकडे रस्ता गावच्या विहिरीवरून जातो. कठड्याशी वरच्या आळीच्या बायका पाणी ओढत होत्या. चार पायऱ्या खाली, रिकामे हंडे घेऊन, भीमाबाई आणि ठमी उभ्या होत्या. कोणी त्यांना अडवले नव्हते. कोणी त्यांना वर या असेही म्हटले नव्हते. मी एस.टी.च्या खिडकीत होतो. त्यांनी मला पाहिले की नाही, सांगता येत नाही.

एवढ्या दिवसांचे शिसे आणि आठवा महिना. हे गणित मला मांडता येते. मांडले नाही.

७ जून

वाल्मिकचे उत्तर आले. कथलाचा लेप टिकवण्याचा उपाय परदेशातही अजून कोणाला साधलेला नाही. तेव्हा तुलना पूर्ण झाली असे मानतो. निष्कर्ष: तिन्ही अपात्र.

दुपारी भीमाबाई आल्या. ओटीवर चढल्या नाहीत. अंगणातूनच पदराखालून माझा तांब्या काढून पायरीवर ठेवला. लख्ख चमकत होता.

“तुमचा ऱ्हायला व्हता. तीन येळा राखेनं घासलाय. आता घ्याया हरकत नाय.”

मी आभार मानले. म्हटले, “राखेने तांब्यावर चरे पडतात, चिंच अधिक बरी.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. “आमच्यात चिंचंनंच घासत्यात, सर,” त्या म्हणाल्या. “राख तुमच्यासाठी वापरली.”

मी ठमीची प्रकृती विचारली. “हाय,” एवढेच म्हणून त्या निघाल्या. उन्हे कडक होती. पाणी विचारावे हे मला सुचले, तोवर त्या फाटकाबाहेर गेल्या होत्या.

९ जून

वीज गेलेली. उकाडा. जेवायला बसलो तेव्हा माझ्या पाटाशी स्टीलचे भांडे होते. तांब्या कुठे आहे, असे इंदूला विचारले.

“मागे ठेवलाय, पडवीत.”

“का?”

“असू दे तिकडे. झाडांना पाणी घालायला होईल. तुम्हाला दुसरा आणू की.”

तिचा स्वर नेहमीचाच होता. कपबशा मोजताना असतो तसा. मी जानेवारीतल्या त्या सकाळी परत गेलो. तेव्हा घरात दोन माणसे आणि एक पाहुणा होता, आणि फडताळात सहा कप होते. ते तेव्हाही मला दिसत होते.

जेवण अर्धे सोडून पडवीत गेलो. तांब्या मोरीच्या कडेला, खराट्याशेजारी उपडा ठेवला होता. तो उचलला, धुतला, माठातले पाणी भरले आणि हातात घेऊन उभा राहिलो. इंदू स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. माठातले पाणी निर्दोष होते. तांब्यात काही नव्हते, हे मी शपथेवर सांगू शकतो.

आजवर या वहीत हेतूशिवाय एकही विधान मी लिहिलेले नाही. हे पुढचे पहिले. मी ते पाणी जास्वंदीला घातले.